सर्वर माझ्या नावावर

तुमच्या ऑफिसातही असं काहीतरी नक्की असेल, जे कंपनीचं आहे पण कुणा एकाच्या नावावर आहे. वायफायचं कनेक्शन बॉसच्या मेव्हण्याच्या नावावर. चहावाल्याचं खातं अकाउंट्सवाल्या काकांच्या नावावर. पाण्याच्या बाटल्यांचं डिपॉझिट तर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी नावावर! आमच्याकडे असं एकच होतं. अख्खी कंपनी. ती माझ्या नावावर होती.

दचकू नका, मी काही मालक-बिलक नाही. झालं असं, की २०१८ मध्ये कॉलेजच्या एका मित्रानं बाणेरला दोन खोल्यांत स्टार्टअप थाटलं. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि रिपोर्ट सांभाळणारं ॲप. ऑफिसात सगळे त्याला ‘सरपंच’ म्हणतात, कारण चहा कोणी प्यायचा इथपासून पगार कधी होणार इथपर्यंत सगळे ठराव तोच करतो. मी पहिला इंजिनिअर. सर्वर घ्यायचा म्हटल्यावर कळलं, की कंपनीचं रजिस्ट्रेशन अडकलंय, बँकेत खातं नाही आणि कार्ड तर नाहीच नाही. मी म्हटलं, “टेन्शन नको घेऊस, माझं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, खातं आहे. तिथेच टाकू. नंतर बदलू.”

‘नंतर बदलू.’ मंडळी, मराठीतले सर्वांत महागडे दोन शब्द!

ते खातं मी २०१६ मध्ये उघडलं होतं. तेव्हा नव्या खात्याला पहिले १२ महिने एक छोटं मशीन फुकट मिळायचं, त्या मोहात. ईमेल आयडी कॉलेजातला. त्यात ‘कूल’, ‘डूड’ आणि ‘सांगली’ हे तिन्ही शब्द होते. पुढे कंपनी रजिस्टर झाली, दवाखाने वाढले, आम्ही दोघांचे अकरा जण झालो. बिल दरमहा बावीस-तेवीस हजारांवर गेलं. ते माझ्या क्रेडिट कार्डातून कटायचं, मी पावती लावायचो, पैसे परत मिळायचे. रिवॉर्ड पॉइंट्स मात्र माझे! त्या पॉइंट्सवर आमच्या घरी मिक्सर आलाय. बायको त्याला अजून ‘क्लाउडचा मिक्सर’ म्हणते.

आता खरं सांगू? मला ते आवडायचं. रात्री दीड वाजता फोन वाजायचा, “अरे, बंद पडलंय बघ.” मी पांघरुणातून हात काढून लॅपटॉप उघडायचो, दहा मिनिटांत सगळं चालू. सकाळी ऑफिसात शिरताना कॉलर जरा ताठ असायची. लग्नाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा पिवळ्या हातांनी पासवर्ड टाकलाय मी. सगळे हसले होते. मीही हसलो होतो. पण आतून वाटत होतं, बघा, आपल्यावाचून चालत नाही!

मग आला नोव्हेंबर २०२१. दिवाळी नुकतीच संपली होती. गावाहून चुलतभावाचा फोन आला, अण्णांच्या छातीत दुखतंय, मिरजेला नेतोय. मी रात्रीच निघालो. सकाळी अँजिओप्लास्टी ठरली. सह्या, पैसे, औषधांच्या चिठ्ठ्या, जिन्यात बसलेली आई. फोनची बॅटरी कधी संपली, कळलंच नाही. चार्जर पुण्यात.

आणि त्याच सकाळी पुण्यात आमचं ॲप बंद पडलं.

कारण अगदी फालतू होतं. रिझर्व्ह बँकेचा नवा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला होता. कार्डावरून दरमहा आपोआप कटणाऱ्या पैशांसाठी आधी ग्राहकाची परवानगी नोंदवलेली हवी, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. (जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली, पण आमचं बिल त्याच्याही वरच.) म्हणजे माझ्या कार्डातून पैसे जाणं ऑक्टोबरातच थांबलं होतं. ‘बिल थकलंय’ अशी ईमेल एकामागून एक येत होती. कुठे? त्या कूल-डूड-सांगलीवर! तिथे दिवाळी सेलच्या शेकडो मेलखाली त्या गाडल्या गेल्या होत्या. शेवटी खातं सस्पेंड झालं. यात बँकेची चूक नाही, क्लाउडवाल्यांची तर नाहीच नाही. चूक शंभर टक्के माझी.

टीममधल्या दोघांना आत शिरायला लॉगिन होतं, पण बिलाचं पान त्यांना दिसायचं नाही. तो हक्क खात्याच्या मूळ मालकाचा, ज्याला ‘रूट’ म्हणतात. रूट म्हणजे मी. रूटचा पासवर्ड माझ्या डोक्यात, त्यानंतर लागणारा कोड माझ्या फोनमध्ये, कार्डाचा ओटीपी त्याच फोनवर. आणि फोन बंद. सरपंचानं खिशात पैसे असूनही काही करता येत नव्हतं. दवाखान्यांतल्या रिसेप्शनिस्टनी वह्या काढल्या. एका ठिकाणी तर म्हणे पेशंटचे नंबर साबुदाण्याच्या पुड्यावर लिहिले. पाच तासांनी मी हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलवाल्याकडे फोन चार्जिंगला लावला तेव्हा ३७ मिस्ड कॉल होते. तिथेच उभ्याउभ्या बिल भरलं, खातं परत सुरू झालं आणि एकेक मशीन हातानं चालू केलं. मेडिकलवाला विचारतो, “काय, पेशंट सिरियस आहे का?” मी म्हटलं, “दोन आहेत.”

अण्णा वाचले. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आले, तेव्हा करमणूक म्हणून त्यांना हा किस्सा सांगितला. सर्वर म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून सोपं करून सांगितलं, की वस्तू सगळ्यांची, पण कागदावर नाव माझं एकट्याचं. अण्णा हसले आणि म्हणाले, “म्हंजे तू एकुमॅ झालास की लेका!”

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. जुन्या सातबाऱ्यावर कधीकधी नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असं लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, पण कागदावर नाव थोरल्याचं. आमच्या तासगावकडच्या जमिनीवर असंच तात्यांचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं, नाव होतं. तात्या देवमाणूस. द्राक्षाचे पैसे आले की तिघा भावांत पैन्‌पै सारखे वाटायचे. नावं लावायचा विषय निघाला की म्हणायचे, “लावू की नंतर.” आणि एके दिवशी तात्या गेले. वारस म्हणून तलाठ्याकडे आधी त्यांच्याच मुलांची नावं लागली. चुलतभाऊ वाईट नाहीत, पण तेव्हापासून कर्ज काढायचं, विहीर दुरुस्त करायची, म्हटलं की सह्या, जबाब, हेलपाटे. दिवाळीत सगळे एकत्र फराळाला बसायचे, पण जमिनीचा विषय निघाला की चकलीसुद्धा कुणी मोठ्यानं मोडायचं नाही.

अण्णा छताकडे बघत म्हणाले, “तुज्या तात्यानं आमाला कवा फशिवलं न्हाई रं. पण कागदावर त्योच हुता.”

तुम्हाला वाटेल, पुण्यात आल्या आल्या मी सगळं कंपनीच्या नावावर केलं असेल. छे! मी काय केलं? दर महिन्याच्या दोन तारखेला मोबाईलवर रिमाइंडर लावला, ‘बिल भर’. झालं. आणि पुढचं वर्षभर काही म्हणजे काही केलं नाही. कामं होती, हे खरं. पण पूर्ण खरं ते नाही.

पूर्ण खरं सांगायचं तर २०२२ च्या डिसेंबरातली एक रात्र सांगावी लागेल. माझं आणि सरपंचाचं वाजलं होतं. सुरुवातीला त्यानं कंपनीत हिस्सा देईन म्हटलं होतं, आता ‘बघू’ म्हणत होता. मी घरी आलो, जेवलो नाही, गॅलरीत बसलो. रात्री एकच्या सुमारास डोक्यात विचार आला, सगळं तर माझ्याच नावावर आहे. पासवर्ड बदलला, तर उद्या सकाळी हाच माणूस धावत येईल.

मी काही केलं नाही. लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. पण तो विचार मला आला होता, आणि क्षणभर बरा वाटला होता! दोनशेवर दवाखाने, कुणाच्या शुगरचे, कुणाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, आणि ते सगळं एका रुसलेल्या माणसाच्या झोपेवर अवलंबून. तात्या आठवले. ते देवमाणूस होते म्हणून निभावलं. मी देवमाणूस नाही, हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सर्वांत ज्युनिअर पोरीनं सहज विचारलं, “दादा, तू उद्या बसखाली आलास तर आपलं काय रे?” आमच्या धंद्यात याला ‘बस फॅक्टर’ म्हणतात. किती माणसं बसखाली आली की काम ठप्प होईल, तो आकडा. आमचा आकडा होता एक. आणि बाणेर रोडवरच्या बस तुम्हाला माहीतच आहेत.

मी उठून सरपंचाच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, “हिश्श्याचं नंतर भांडू. आधी सर्वर कंपनीच्या नावावर करायचाय.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तीन वर्षं हे तुला सांगायचं होतं रे. पण तुला वाटलं असतं, की मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही.” घ्या! मी बोललो नाही, कारण मला आवडत होतं. तो बोलला नाही, कारण मला वाईट वाटेल. अशा भिडेपायीच तर सातबारे अडतात.

सोपा रस्ता होता. कंपनीनं एक मोठं खातं काढायचं, त्याखाली माझं खातं जोडून घ्यायचं, बिल आपोआप कंपनीकडे जातं. पण त्यात रूट मीच राहतो. म्हणजे फ्लॅट माझ्या नावावर आणि मेंटेनन्स तेवढा कंपनी भरणार. दुसरा रस्ता, माझ्या खात्याचा ईमेल आणि कागदपत्रं बदलून खातंच कंपनीला देऊन टाकायचं. पण त्या खात्यात माझा ब्लॉग होता, लग्नाची वेबसाइट होती, आईच्या साठीचे फोटो होते. एकाच कपाटात ऑफिसच्या फायली आणि घरचे कपडे! तेव्हा ठरलं, नवं कोरं खातं, कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या कार्डावर, आणि एकेक वस्तू तिकडे न्यायची.

ज्युनिअर पोरीनं एक्सेल शीट केली. मला वाटलं, आठ-दहा ओळी होतील. झाल्या ६४. मशीन, डेटाबेस, रिपोर्टची साठवण, डोमेनचं नाव, कोडची रिपॉझिटरी, प्ले स्टोअरवरचं ॲप, एसएमएस पाठवणारं खातं. प्रत्येकापुढे ‘मालक’ असा रकाना आणि प्रत्येक रकान्यात माझं नाव. पहिल्या दहा ओळी वाचताना छाती फुगली. पन्नासाव्या ओळीला लाज वाटायला लागली.

फेब्रुवारी २०२३. शनिवारची रात्र, टेबलावर वडापाव आणि अकरा जणांपैकी सात जण. काही गोष्टी पटकन झाल्या. कोडची रिपॉझिटरी वैयक्तिक खात्यावरून संस्थेच्या खात्यावर दोन क्लिकमध्ये जाते, जुन्या लिंकही चालतात. डोमेनचं नाव दुसऱ्या खात्याला देता येतं, समोरच्यानं ३ दिवसांत स्वीकारायचं. फक्त नाव जातं, त्या नावाची वाट कुठल्या मशीनकडे जाते ती नोंदवही मागेच राहते, ती नव्यानं लिहावी लागते. आयपी ॲड्रेसची धास्ती होती, कारण काही लॅबनी फक्त आमच्याच आयपीला आत घेतलं होतं. पण ऑक्टोबर २०२२ पासून एडब्ल्यूएसमध्ये एका खात्याचा आयपी दुसऱ्या खात्याला देता येतो. आम्ही चार महिन्यांनी नशीबवान ठरलो.

डेटाबेसनं मात्र हरकत घेतली. तो एडब्ल्यूएसच्या डिफॉल्ट चावीनं एन्क्रिप्ट केलेला होता, आणि त्या चावीनं कुलूप घातलेला स्नॅपशॉट दुसऱ्या खात्याला देताच येत नाही. आधी आपली स्वतंत्र चावी बनवायची, तिनं नवी कॉपी काढायची, चावी वापरायची परवानगी समोरच्याला द्यायची, मग कॉपी शेअर करायची. आणि समोरच्यानं ती पुन्हा स्वतःच्या चावीनं कॉपी करायची. तलाठी बरा की काय, असं झालं!

पण खरी गंमत झाली रात्री अडीच वाजता. रिपोर्टच्या फाइल ज्या बकेटमध्ये असतात, ती बकेट एका खात्यातून दुसऱ्यात जात नाही. नवी बनवायची आणि सगळ्या फाइल कॉपी करायच्या. आम्ही माझ्या खात्यातून त्या तिकडे ढकलल्या. चार तासांनी सगळ्या नव्या बकेटमध्ये दिसायला लागल्या. ज्युनिअरनं एक उघडली. उघडेना. दुसरी. उघडेना. बकेट कंपनीची, जागा कंपनीची, भाडं कंपनीचं, पण फाइलचा मालक मीच! कारण ज्याच्या खात्यातून फाइल टाकली, त्याची मालकी, असा तेव्हाचा डिफॉल्ट होता. (एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटना तो बदलला.) उपाय होता एक सेटिंग. बकेट ज्याची, त्यातली प्रत्येक फाइल त्याची. ज्युनिअरनं माझ्याकडे बघून विचारलं, “करू ना, दादा?”

हसू नका, पण माझा घसा दाटून आला. पाच वर्षांच्या रात्री होत्या हो त्या. म्हटलं, “कर.”

तीनला जुनी मशीन बंद केली, आयपी सोडवला, तिकडे स्वीकारला. चारला नव्या खात्यावरून ॲप चालू. सरपंचानं डुलक्या काढता काढता टाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी ९ वाजता एसएमएस जाईनात. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये माझी वैयक्तिक चावी पुरून ठेवलेली सापडली. ती ६५ वी ओळ. एवढं चालायचंच. जुनं खातं म्हणूनच महिनाभर तसंच ठेवलं होतं. कुठली मुळं अजून आत आहेत, ते उपटल्याशिवाय कळत नाही.

नव्या खात्याच्या रूटला आता दोघांचे फोन जोडलेत, एक सरपंचाचा, एक त्या ज्युनिअर पोरीचा. ही सोयही नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, त्याआधी एकच जोडता यायचा. माझा फोन नाही. मुद्दाम नाही. हिश्श्याचं भांडण पुढे दोन महिन्यांनी मिटलं. मी मागितला त्यापेक्षा थोडा कमी मिळाला. पण ते भांडण आम्ही चहा पीत भांडलो, कारण माझ्या मुठीत आता काही नव्हतं आणि त्याच्या पोटात भीती नव्हती.

त्या उन्हाळ्यात आम्ही दापोलीला गेलो. चार दिवस फोन बॅगेत. दुसऱ्या रात्री दीड वाजता मला आपोआप जाग आली. फोन काढून पाहिला. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज होते. १.१० ला काहीतरी बंद पडलं होतं, १.२५ ला ज्युनिअरनं चालू केलं होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. क्षणभर कसंतरीच वाटलं. मग समुद्राचा आवाज ऐकत पुन्हा झोपलो. मस्त झोप लागली.

तिकडे अण्णांनी आजारपणानंतर फेरफाराचा अर्ज दिला होता. नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले. कुणी हरकत घेतली नाही. चुलतभावांनी स्वतः येऊन जबाब दिले. म्हणाले, “काका, आमालाबी त्ये वझंच झालं हुतं.” नवा सातबारा निघाला, तेव्हा अण्णांनी मला त्याचा फोटो पाठवला. तिघा भावांची नावं एकाखाली एक. तात्यांच्या जागी त्यांची मुलं. ए. कु. मॅ. गायब.

तेव्हा मित्रहो, सोमवारी ऑफिसात गेलात की एवढंच करा. एक कोरी शीट उघडा. सर्वर, डोमेन, कोड, ॲप, एसएमएस, वायफाय, सगळं लिहा आणि पुढे ‘कुणाच्या नावावर’ हा रकाना भरा. तुमचं नाव जिथे जिथे येईल तिथे आधी जरा मिरवून घ्या, हरकत नाही. मग ते खोडायला लागा.

आणि हो, कूल-डूड-सांगली अजून चालू आहे. त्यावर हल्ली फक्त सेलच्या मेल येतात. क्लाउडचा मिक्सरही चालू आहे. तो मात्र माझ्याच नावावर राहणार!